भंगारातून पुन्हा आकाशात

चाकणला विमानतळ येणार, चाकणला विमानतळ येणार, हे आपण इतकी वर्षं ऐकलं की सोसायटीतल्या सुरुवातीच्या काही सभासदांनी फ्लॅट घेताना तेही एक कारण मनात धरलं होतं. पुढे २०१६ साली तो विमानतळ पुरंदरच्या वाट्याला गेला आणि आपल्या वाट्याला तळेगाव चौकातलं ट्रॅफिक राहिलं. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीने मला इतिहासावर लेख मागितला, पण अट घातली की संग्रामदुर्गावर नको, त्यावर आधीच दोन लेख आलेत. तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांना मनोमन मुजरा करून मी ठरवलं, विमानतळ नाही तर नाही, विमानांवर लिहू.

विषय आहे जुनं, मोडीत निघालेलं लष्करी विमान किंवा हेलिकॉप्टर पुन्हा उडतं करण्याचा. हा विषय आपल्या पट्ट्यातल्या माणसांना परका वाटू नये. आपल्याकडे दर दोन घरांआड कोणीतरी मेंटेनन्समध्ये, टूलरूममध्ये नाहीतर क्वालिटीमध्ये आहे. बंद पडलेलं मशीन पुन्हा चालू होतं तेव्हा शॉप फ्लोअरवर काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

एक फरक मात्र सुरुवातीलाच सांगतो. चौकात चौथऱ्यावर उभं केलेलं विमान आपण बघतो. ते रंगवायचं, धुवायचं, आतलं इंजिन काढून टाकलं तरी चालतं. त्याला जतन म्हणायचं. पुन्हा उडतं करणं वेगळं. तिथे रंग सगळ्यात शेवटी येतो आणि एका नटाची चूकसुद्धा माफ होत नाही. जतन केलेल्या वस्तूला फक्त दिसायचं असतं. उडत्या वस्तूत माणूस बसणार असतो.

वालचंदांचा कारखाना

गोष्ट सुरू होते सोलापूरच्या एका माणसापासून. वालचंद हिराचंद यांचं नाव आपल्याला वालचंदनगरमुळे माहीत आहे. जहाज, साखर, बांधकाम अशा अनेक उद्योगांत हात घालणाऱ्या वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स. १९४१ साली तिथे जोडलेलं पहिलं विमान आकाशात गेलं. हार्लो नावाचं ते छोटं अमेरिकन बनावटीचं शिकाऊ विमान होतं, नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठीचं.

पण दुसरं महायुद्ध पूर्वेकडे सरकलं आणि कारखान्याचं काम बदललं. सरकारने तो ताब्यात घेतला. नवीन विमानं बनवणं मागे पडलं आणि अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती, ओव्हरहॉल हेच मुख्य काम झालं. स्वदेशी विमानाचं स्वप्न लांबलं म्हणून तेव्हा अनेकांना वाईट वाटलं असेल. पण मला वाटतं, त्या दुरुस्तीनेच बंगळुरूच्या कामगारांचे हात तयार झाले. नवीन वस्तू बनवताना ड्रॉइंग सांगेल तसं करायचं असतं. दुरुस्तीत आधी काय बिघडलंय आणि का बिघडलंय, हे ओळखावं लागतं. ती विद्या त्यांना युद्धाने दिली आणि ती लवकरच उपयोगी पडली.

कानपूरचं विमानांचं स्मशान

युद्ध संपलं तेव्हा भारतात लिबरेटर जातीची मोठी बॉम्बफेकी विमानं होती. चार इंजिनांचं, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट लांबीचं हे विमान अमेरिकेने युद्धकाळात १८ हजारांहून जास्त बनवलं. ब्रिटिश हवाई दलाला ही विमानं अमेरिकेकडून लेंड-लीज करारावर मिळाली होती. म्हणजे युद्ध संपल्यावर ती परत करायची, नाहीतर पैसे मोजायचे, नाहीतर पुन्हा वापरता येणार नाहीत अशी करून टाकायची. परत नेण्याचा खर्च कोण करणार? म्हणून अशी बरीच विमानं कानपूरजवळच्या चकेरी विमानतळावर आणून उभी केली गेली आणि निरुपयोगी करण्यात आली. त्यांच्या अंगावर जड वाहनं घातली, उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू टाकली, असं सांगतात. मग पावसाळे गेले, गवत वाढलं.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. लगेच काश्मीरची लढाई उभी राहिली. नव्या भारतीय हवाई दलाकडे मोठं बॉम्बफेकी विमान एकही नव्हतं आणि विकत घ्यायला तिजोरीत पैसाही नव्हता. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की कानपूरचं भंगार एकदा बघून तर यावं.

एचएएलची माणसं गेली. एक विमान पूर्ण चांगलं, असं नव्हतंच. पण एकाची शेपटी बरी, दुसऱ्याचा पंख बरा, तिसऱ्याची चाकं बरी, असं बरंच होतं. तीन मोडक्या स्कूटरमधून एक चालू स्कूटर करण्याची पद्धत आपल्याकडे प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत आहे. इथे मात्र प्रत्येक विमानाला चार इंजिनं, प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर, आणि तारा, नळ्या, पंप यांचं जंगल. कानपूरला उघड्यावर जेवढं जमेल तेवढं करायचं, विमान एकदा उडेल इतपत बनवायचं, आणि सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या बंगळुरूला उडवत न्यायचं. खरी दुरुस्ती तिथल्या कारखान्यात.

ते एक उड्डाण करायचं कोणी? हे काम एचएएलचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी अंगावर घेतलं. चार इंजिनांचं विमान उडवण्याचा सराव त्यांना नव्हता. हाताशी होती ती वैमानिकासाठीची छापील पुस्तिका, असं सांगितलं जातं. विमान कसं, तर अनेक विमानांच्या सुट्या भागांतून जुळवलेलं, मुद्दाम मोडलेलं आणि नुकतंच उभं केलेलं. मुन्शींनी एकामागून एक विमानं दक्षिणेला आणली. असे चाळीसच्या वर लिबरेटर पुन्हा उडते झाले. ज्यांनी ती मोडून टाकली होती त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना आपणच करावी.

लोहगावचे लिबरेटर

२ नोव्हेंबर १९४८ रोजी हवाई दलाचं पाचवं स्क्वाड्रन लिबरेटर विमानांवर उभं राहिलं. पुढे त्याचा मुक्काम पुण्याला आला. १९५१ मध्ये सहावं स्क्वाड्रनही पुण्यातच लिबरेटरवर नव्याने सुरू झालं. त्याचं काम समुद्रावर टेहळणी करण्याचं होतं. लिबरेटर तासन्‌तास उडत राहायचं, त्यामुळे अरबी समुद्रावर लांब नजर ठेवायला ते सोयीचं पडलं.

म्हणजे आपल्याकडे एमआयडीसी नव्हती, आकुर्डी-पिंपरीला शेती होती आणि चाकण म्हणजे कांद्याचा बाजार होता, तेव्हा लोहगावच्या धावपट्टीवरून ही विमानं जात-येत होती. कानपूरच्या गवतातून उचललेली आणि बंगळुरूत जोडलेली विमानं पुण्यात नांदत होती. आपल्या घरातल्या आजी-आजोबांपैकी कोणी त्या काळी पुण्याच्या आसपास राहिलं असेल, तर चार इंजिनांचा तो घरघराट त्यांनी ऐकला असेल. एकदा विचारून बघा.

भंगारातून काढलेली विमानं किती वर्षं चालली? १९६८ च्या अखेरपर्यंत. वीस वर्षं! जगातल्या बाकी हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढला होता. त्यामुळे मग बाहेरच्या देशांतल्या संग्रहालयांना जाग आली की आपल्याकडे लिबरेटरच उरला नाही. आज ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात, कॅनडात आणि अमेरिकेतही भारतीय हवाई दलात राहून गेलेले लिबरेटर आहेत. एक आपल्याकडे दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. ज्यांनी मोडलं त्यांच्याच नातवंडांना ते आपल्याकडून बघायला मिळालं.

या गोष्टीतले मुन्शी पुढे आणखी एका कामात भेटतात. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ हे भारतात आराखडा केलेलं शिकाऊ विमान पहिल्यांदा उडालं, ते त्यांच्याच हातून. आणि त्याचा आराखडा करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर चंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्यासारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला हा मराठी माणूस. आधी दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, मग भंगारातली उभी केली, मग स्वतःचं बनवलं. अवघ्या दहा वर्षांतला हा प्रवास आहे.

एक लिबरेटर अमेरिकेत उडतो

निवृत्तीनंतर यातलं एक विमान भारतातच वर्षानुवर्षं पडून होतं. १९८१ साली एका ब्रिटिश संग्राहकाने ते घेतलं आणि सुटं करून इंग्लंडला नेलं. १९८४ मध्ये ते अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने विकत घेतलं. सुरुवातीला ते फक्त प्रदर्शनासाठी उभं करायचा विचार होता. मग ठरलं की उडवायचंच. स्वयंसेवक आणि कारागीर यांनी हजारो तास काम केलं. पत्रे बदलले, रिव्हेट काढून नवे मारले, नळ्या, तारा, कंट्रोल केबल सगळं तपासलं, आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडालं. पुढे त्याला ‘विचक्राफ्ट’ असं नाव दिलं गेलं. गावोगाव ते विमान जायचं आणि महायुद्धात लढलेले म्हातारे सैनिक त्याच्या पंखाखाली उभे राहून डोळे पुसायचे.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. इथेच थांबवली असती तर वाचकही खूश झाले असते. पण इतिहास लिहायचा तर पुढचंही सांगायला हवं.

त्याच संस्थेकडे बी-१७ जातीचं दुसरं एक जुनं बॉम्बफेकी विमान होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते प्रवाशांना फेरी मारून आणण्यासाठी उडालं, एक इंजिन बिघडलं, परत उतरताना कोसळलं आणि सात माणसं गेली. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबर देखभालीतली ढिलाई हेही कारण पुढे आलं. वैमानिक म्हणून त्या दिवशी जो माणूस होता, तोच संस्थेचा देखभाल प्रमुखही होता. काही दिवस आधीच्या तपासणीच्या कागदावर दोष आढळला नाही अशा अर्थाच्या सह्या होत्या. २०२० मध्ये त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी रद्द झाली.

माणूस वाईट होता असं कोणी म्हटलं नाही. तो कित्येक वर्षं प्रेमाने ही विमानं सांभाळत होता. पण काम करणारा तोच, तपासणारा तोच आणि सही करणाराही तोच, असं झालं की प्रेम कितीही असो, चूक दिसत नाही. आपल्या कंपन्यांत प्रॉडक्शन आणि क्वालिटी ही वेगळी खाती का ठेवतात, ते यावरून लक्षात यावं.

आपल्याकडची हौस

भारतीय हवाई दलानेही जुनी विमानं उडती ठेवण्यासाठी हिंडनला एक वेगळी तुकडी ठेवली आहे. तिथल्या टायगर मॉथने २०१२ च्या हवाई दल दिनाला भरारी मारली. टायगर मॉथ हे दोन पंखांचं, एकावर एक पंख असलेलं शिकाऊ विमान. आपल्या वैमानिकांच्या किती पिढ्या त्याच्यावर शिकल्या! हार्वर्ड हे दुसरं शिकाऊ विमानही तिथे उडतं झालं. आणि २०१८ मध्ये डकोटा आलं. राजीव चंद्रशेखर यांनी हे विमान भंगारातून घेतलं, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. १९४७ साली श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटाची आठवण म्हणून त्याला व्हीपी ९०५ हा क्रमांक आणि परशुराम हे नाव दिलं. एप्रिल २०१८ मध्ये ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून निघालं आणि देशोदेशी थांबत नऊ दिवसांत जामनगरला उतरलं.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण एक गोष्ट मनाला टोचते. टायगर मॉथ आणि डकोटा, दोन्हींची दुरुस्ती इंग्लंडमध्ये झाली. १९४८ साली मोडलेले चाळीसच्या वर लिबरेटर आपल्या माणसांनी आपल्याच कारखान्यात उभे केले आणि सत्तर वर्षांनी दोन इंजिनांच्या डकोटासाठी परदेशात जावं लागलं. आपली माणसं कमी हुशार झाली, असं अजिबात नाही. आपल्या माणसांनी मधल्या काळात चंद्रावर यान नेलं. पण जुन्या पिस्टन इंजिनाचा कान असलेली माणसं निवृत्त झाली, त्यांनी कोणाला शिकवलं नाही, त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. हात थांबला की विद्या जाते, आणि मग पैसा असूनही ती दुसऱ्याकडून आणावी लागते.

सगळ्यात अवघड: हेलिकॉप्टर

विमानांची ही कथा. मग जुनं हेलिकॉप्टर पुन्हा उडतं करायचं झालं तर? जगात अशी उदाहरणं आहेत, पण थोडी. इंग्लंडमध्ये मिडल वॉलॉप इथे, जिथे त्यांच्या लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक शिकतात, तिथे सू, स्काऊट, अल्यूएट अशी जुनी हेलिकॉप्टरं उडती ठेवण्याचे प्रयत्न झाले. त्यातलं सू म्हणजे मूळचं अमेरिकन बेल ४७. मोठ्या काचेच्या बुडबुड्यात वैमानिक बसलेला आणि मागे नळ्यांचा सांगाडा असलेलं ते हेलिकॉप्टर आपण जुन्या सिनेमांत पाहिलेलं आहे.

विमानापेक्षा हेलिकॉप्टर अवघड का? विमानाचा पंख एका जागी स्थिर असतो. हेलिकॉप्टरचा पंखच गरगर फिरतो. मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे धरा. तासाला २१ हजार झाले. हजार तास उडालं तर दोन कोटी दहा लाख. पुढे जाताना प्रत्येक फेऱ्यात पातं एकदा वाऱ्यासमोर येतं आणि एकदा वाऱ्याबरोबर जातं, म्हणजे दर फेऱ्याला त्याच्यावर ताण चढतो आणि उतरतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. धातू थकतो. वरून चकचकीत दिसतो आणि आतून त्याला केसाएवढी चीर गेलेली असते.

म्हणून हेलिकॉप्टरच्या महत्त्वाच्या भागांना ठरावीक तासांचं आयुष्य दिलेलं असतं. मुख्य पाती, मधला दांडा, शेपटीचा पंखा, गिअरबॉक्सचे भाग, प्रत्येकाचे तास मोजलेले. तास भरले की भाग बाद, मग तो दिसायला कितीही नवा असो. आणि इथे खरी मेख आहे. तास किती झाले, हे भाग बघून कळत नाही. त्याच्या कार्डावर लिहिलेलं असेल तरच कळतं. आपल्याकडे प्रत्येक मशीनचं हिस्ट्री कार्ड असतं तसंच. कार्ड हरवलं की लाखमोलाचं पातं भंगार झालं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जाऊन चेतक स्कूटरची क्लच प्लेट शोधता येते. चेतक हेलिकॉप्टरला असा जुना बाजार नाही.

त्यातही शिकाऊ हेलिकॉप्टरची हालत आणखी वाईट. नवा वैमानिक धप्पकन उतरवणार, पुन्हा उचलणार, पुन्हा उतरवणार. इंजिन बंद पडलं असं समजून, नुसत्या वाऱ्यावर पाती फिरवत खाली येण्याचा सराव करणार. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा क्लच जसा घासलेला असतो तसंच हे. नुसते तास मोजून भागत नाही. कधी जोरात आपटलं, त्यानंतर काय तपासलं, काय बदललं, हेही लिहिलेलं लागतं.

असं हेलिकॉप्टर उडतं करायला घेतलं की आधी ते शेवटच्या वॉशरपर्यंत सुटं करतात. प्रत्येक भाग धुऊन त्याची चीर शोधतात. डाय पेनिट्रंट, मॅग्नेटिक टेस्ट, आपल्याकडे रोज चालणाऱ्याच चाचण्या. मॅग्नेशियमच्या गिअरबॉक्सला पांढरी बुरशी धरलीय का, नळ्या आतून गंजल्यात का, वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून बेअरिंगला खड्डे पडलेत का. रबराचं जे जे असेल ते सगळं नवीन. मग जोडणी, आणि शेवटी पाती एका पातळीत फिरतात का ते बघणं. याची जुनी रीत मजेची आहे. पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांचा खडू लावायचा, काठीला पांढरं कापड बांधायचं आणि फिरत्या पात्यांच्या कडेला ते हळूच टेकवायचं. कापडावर रंगाचे ठिपके उमटतात. ठिपके एकाच उंचीवर आले तर पाती जुळलीत, वरखाली आले तर अजून काम बाकी.

बेल ४७ आजही जगात उडतात, याचं कारणही कागदच. बेल कंपनीने ते बनवणं १९७० च्या दशकात थांबवलं. पण २०१० मध्ये त्याच्या आराखड्याचे हक्क आणि जबाबदारी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या स्कॉट्स या छोट्या कंपनीकडे रीतसर सोपवली गेली. ड्रॉइंग जिवंत राहिली, म्हणून सुटे भाग मिळत राहिले, म्हणून हेलिकॉप्टर जिवंत राहिलं.

आपला चेतक

आपलं हेलिकॉप्टर म्हणजे चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव आपल्या पट्ट्याला स्कूटरमुळे जास्त ओळखीचं. १९७२ पासून आकुर्डीने चेतक स्कूटर घराघरात पोचवली आणि २०१९ मध्ये विजेवरची चेतक चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली. हेलिकॉप्टर त्याही आधीचं. फ्रान्सचं अल्यूएट ३ हे १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालं. १९६२ साली ते बनवण्याचा करार एचएएलशी झाला आणि ते आपलं चेतक झालं. नाशिकला लष्कराचे, हकीमपेटला हवाई दलाचे, अरक्कोणमला नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक त्याच्यावर घडले. महापुरात छपरावर अडकलेल्या माणसाने वर बघितलं की दिसायचं ते बहुतेक वेळा हेच. २ एप्रिल २०२२ ला हकीमपेटला चेतकच्या साठ वर्षांचा सोहळा झाला.

साठ वर्षं! कौतुक आहेच, पण त्याला दुसरी बाजू आहे. चेतक आणि त्याचाच भाऊ चीता यांच्या अपघातांत तरुण अधिकारी गेले. २०१४-१५ च्या सुमारास लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही जुनी हेलिकॉप्टरं आता थांबवा अशी मागणी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. जुन्या वस्तूचा अभिमान जरूर बाळगा, पण आमच्या माणसाच्या जिवावर नको. मला ही मागणी आणि जुनी विमानं जपण्याची हौस एकमेकींच्या विरोधात वाटत नाही. जुनं उडवायचं असेल तर नव्यापेक्षा जास्त काळजी घ्यावी लागते. ती परवडत नसेल तर मानाने चौथऱ्यावर ठेवावं.

एक ना एक दिवस चेतक निवृत्त होईल. मग आपली नातवंडं म्हणतील, एक तरी उडताना दाखवा. ते जमेल की नाही, हे तेव्हा ठरणार नाही. ते आज ठरतंय. आज कुठल्यातरी हँगरमध्ये एखादा टेक्निशियन पात्याच्या कार्डावर तास नीट लिहितोय की अंदाजाने, आणि निवृत्त होण्याआधी तो आपली विद्या कोणाला देतोय की नाही, यावर ते अवलंबून आहे.

आणि आपण

आता समिती विचारेल, याचा सोसायटीशी काय संबंध? आहे.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि तीसनंतर दर तीन वर्षांनी. म्हणजे पुढच्या पाच वर्षांत आपली इमारत त्या दुसऱ्या गटात जाईल. तेव्हा येणारा इंजिनिअर आपल्याला काय विचारेल? मूळ आरसीसी ड्रॉइंग कुठे आहेत? गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी केलं, कोणत्या पद्धतीने? लिफ्टचा रोप कधी बदलला? जमिनीखालून पाण्याची लाइन नेमकी कुठून गेलीय?

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आज दोन-तीन ज्येष्ठ सभासदांच्या डोक्यात आहेत. लाइन कुठून गेलीय ते त्यांना चालता चालता पायाने दाखवता येतं. बाकी कागद एका कपाटात, काही माजी सचिवांच्या घरी माळ्यावर, काही कुठेच नाहीत. अभिहस्तांतरणाची फाइल हातात घेतली की किती कागद गोळा करावे लागतात, हे त्या कामात पडलेल्यांना विचारा.

कानपूरची विमानं उभी राहिली कारण हात तयार होते. बेल ४७ टिकलं कारण कागद नीट सोपवले गेले. बी-१७ पडलं तेव्हा काम करणारा आणि तपासणारा एकच माणूस होता. आपल्याला तिन्हीतून शिकता येईल. म्हणून वार्षिक सभेपुढे माझी सूचना अशी. या वर्षी सोसायटीची एक नोंदवही करावी. लिफ्ट, पंप, टाकी, गच्ची, ड्रेनेज, वायरिंग, प्रत्येकाचं हिस्ट्री कार्ड. काय केलं, कधी केलं, कोणी केलं, आणि कोणी तपासलं. तपासणारा आणि करणारा वेगळा असावा. ज्येष्ठांनी बोलावं, कॉलेजातल्या मुलामुलींनी लिहून घ्यावं आणि फोटो काढावेत. दिवाळीच्या सुट्टीत चार रविवार दिले तर होण्यासारखं काम आहे.

रंगकाम यंदा झालंच आहे, रोषणाईही छान झाली. इमारत फोटोत सुंदर दिसतेय. पण आपल्याला ती चौथऱ्यावर ठेवायची नाही, आपल्याला तिच्यात राहायचं आहे. कार्डांचा एक नमुना करून मी कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना या कामात हात द्यायचा असेल त्यांनी सचिवांकडे नाव द्यावं.

सर्व सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.